देवाला चांदीचा पाळणा, लेकराला कुलूप

रामनवमीच्या भर दुपारी आणि गोकुळाष्टमीच्या मध्यरात्री महाराष्ट्राच्या देवळादेवळांतून पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो, आणि परब्रह्माच्या बालरूपापुढे हात जोडून विश्वस्त, देणगीदार व मंत्री कृतार्थ होतात. त्याच देवळामागच्या वस्तीत चार घरची धुणीभांडी करणारी बाई तान्ह्या पोराला दहा वर्षांच्या पोरीच्या हवाली करते आणि बाहेरून कुलूप घालून कामाला पळते. पोराचा जीव टांगणीला लागतो. पोरीची शाळा सुटते ती कायमची.

कायदा आहे, पण तो या बाईसाठी नाही. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली. परंतु मोलकरणीला, भाजीवालीला, मजूर अड्ड्यावर ताटकळणाऱ्या बिगारणीला आस्थापना कुठली? १९७५ साली सुरू झालेल्या योजनेतील अंगणवाडी दुपारी मिटते, बाईचा दिवस दिवेलागणीला संपतो. २०२२ पासूनची सरकारी ‘पाळणा’ योजना या गरजेपुढे पासंगालाही पुरत नाही. खासगी पाळणाघराची पायरी चढावी, तर सारी मजुरी तिथेच गडप होते.

आता धर्मसंस्थांकडे पाहा. सभामंडप आहेत, भक्तनिवास आहेत, आठवडाभर कुलूपबंद राहणारी सभागृहे आहेत. करसवलत आहे. १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा दारिद्र्यनिवारणाला धर्मादाय कार्य मानतो. त्याच कायद्याखाली धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. मग गडगंज देवस्थाने, चर्च, वक्फ आणि मठ यांच्यावर पाळणाघराचे बंधन का नको? अशी घरे चालवणाऱ्या मोजक्या संस्थांना आमचा दंडवत, बाकीच्यांना जाब.

बाकीच्यांना पाळणाघर का नको, याचे कारण उघड आहे. संगमरवरावर देणगीदाराचे नाव कोरता येते, कळसाला सोने चढवले की छायाचित्र छापून येते, महाप्रसादाच्या पंगतीत मते मोजता येतात. पण शेंबडे पोर पुसून, दूध पाजून, झोपवून संध्याकाळी आईच्या कडेवर देण्यात ना पाटी, ना हार, ना मत. दानपेटीत त्याच बाईची दहाची नोट चालते. तिचे पोर मात्र ओट्यावरही चालत नाही! गाडगेबाबांनी हयातभर धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या तसबिरीला हार घालणारे हेच हात त्यांच्या शिकवणीला मूठमाती देतात.

म्हणून आम्ही मागणी करतो: मोठ्या उत्पन्नाच्या प्रत्येक धार्मिक विश्वस्तसंस्थेने दिवसभराचे पाळणाघर चालवलेच पाहिजे, शुल्क आईच्या मिळकतीवर ठरावे, सेविका प्रशिक्षित असाव्यात व त्यांना पुरते वेतन मिळावे, लेकराचा जात-धर्म कोणी विचारू नये. प्रार्थना खुशाल शिकवा, पण भाकरीच्या बदल्यात नव्हे. ही भीक नव्हे. ज्यांच्या घामाच्या नाण्यांनी या तिजोऱ्या भरल्या, त्यांचे हे येणे आहे. आणि देवाच्या नावाने गोळा केलेल्या पैशातून गरिबाच्या पोराला हक्काचे छप्पर देणे ज्या विश्वस्तांच्या जिवावर येते, त्यांनी आपल्या पाटीवरचा ‘धर्मादाय’ हा शब्द आजच खरवडून काढावा.

आणि करसवलत परत करावी.