चौदा दिवसांचा शेजार

आमच्या ताईचा फोन आला की मी आधी खुर्चीत नीट टेकून बसतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तिचा फोन आला तेव्हा मात्र बसल्याचा काही उपयोग झाला नाही.

"कळलं का तुला? त्यानं होडी घेतलीय!"

"कुणी?"

"कुणी म्हणजे? तुझ्या भाच्यानं! तिकडे इंग्लंडात. नवराबायको दोघं त्यातच राहणार म्हणे. घर नाही, दार नाही, पत्ता नाही. अरे, आपल्या सात पिढ्यांत कुणी होडीवर राहिलंय का?"

सात पिढ्यांचे मला काय ठाऊक! पण माझ्या पिढीत तरी पर्वतीवरून खडकवासल्याचे पाणी बघण्यापलीकडे कुणाची मजल गेल्याचे मला आठवेना. ताईने निकाल देऊन टाकला, "मे महिन्यात तुझ्या कॉलेजला सुट्टी असते. तू जा आणि समजूत घालून त्यांना खाली उतरव."

भाच्याची समजूत घालणे हा मामाचा परंपरागत हक्क आहे. तो बजावण्यासाठी मी विमानात बसलो.

ऑक्सफर्डपर्यंत आलेला हा कालवा १७९० साली पुरा झाला. कालवा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपला पाट होता : सरळ रेघेत जाणारा, घाईत असलेला. हा कालवा टेकड्यांच्या कडेकडेने वळणे घेत, पेंशनरासारखा सावकाश चाललेला. काठाने पायवाट. पूर्वी होड्या ओढणारे घोडे तिच्यावरून चालत. आता माणसे कुत्री फिरवतात. आणि काठाला एकीमागे एक बांधलेल्या लांबलचक, चिंचोळ्या होड्या. नॅरोबोट हे त्यांचे नाव. भाच्याची होडी ५७ फूट लांब आणि रुंद किती, तर सात फुटांना दोन इंच कमी! अठराव्या शतकात बांधलेली इथली लॉक सात फुटी, म्हणून होडीही तेवढीच. आगगाडीच्या डब्यातल्या बोळात कुणी संसार मांडावा तसा तो संसार : एका टोकाला पलंग, मधे न्हाणीघर, मग स्वयंपाकाचा ओटा, आणि दुसऱ्या टोकाला कोळशाची शेगडी. भाड्याच्या खोलीत दोघांच्या पगारातला निम्मा जात होता, म्हणून हा खटाटोप.

पहिल्याच संध्याकाळी माझी चूक झाली. शेजारच्या होडीतल्या बाईंना नमस्कार करावा म्हणून मी सरळ त्यांच्या होडीवर पाय ठेवला. होडी कलली आणि आतून चहाचा कप पडल्याचा आवाज आला. भाचा धावत आला, माफी मागून मला काठावर घेऊन गेला.

"मामा, इथं दार म्हणजे हा काठ. काठावर उभं राहून होडीच्या बाजूवर टकटक करायची. 'या' म्हटल्यावरच पाय ठेवायचा. खिडकीतून आत डोकवायचं नाही. तू पाय ठेवलास तर त्यांचं सगळं घर हलतं."

आपल्याकडे चपला घालून कुणी देवघरात शिरावे तसे मी केले होते.

त्या रात्री जेवणानंतर भाचेसुनेने मला इथली सगळी रीत समजावून सांगितली. वेग ताशी चार मैलांपेक्षा जास्त नाही. आणि बांधलेल्या होड्यांजवळून जाताना त्याहूनही कमी, इंजिन नुसते धुगधुगत ठेवायचे. वेगात गेले तर पाण्याच्या ओढीने बांधलेल्या होड्या मागेपुढे हिसडतात, काठावर ठोकलेल्या मेखा उपटतात, आणि आतल्या गॅसवरचा दुधाचा टोप उलटतो. इंग्रज रस्त्यावर डावीकडून जातो, पाण्यावर मात्र उजवीकडून. रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवायचे नाही. आता इंजिनावरच बॅटरी चार्ज होते आणि आंघोळीचे पाणीही तापते, म्हणजे हा नियम साधा नव्हे! सार्वजनिक नळावर टाकी भरायला लागली की नळी लावून बाजारात जायचे नाही. टाकी भरली की लगेच होडी पुढे काढायची. मागे कुणी असो वा नसो.

"हे तर आमच्या चाळीतल्या नळाचे नियम!" मी म्हणालो.

"फरक एवढाच मामा, की इथं ते पाळतात," भाचेसून म्हणाली. ती गिरगावातली. तिला बोलण्याचा अधिकार होता.

सगळ्यांत कडक रीत लॉकची. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. दोन्ही टोकांना दारे असलेली दगडी पेटी. होडी आत घ्यायची, खालची दारे लावायची, वरच्या झडपा उघडून पाणी आत सोडायचे. पाण्याबरोबर होडी वर चढते. उतरायचे असेल तर उलट. दोनशे वर्षांत त्यात फारसा बदल नाही. लोखंडी दांड्याने झडपा आपणच फिरवायच्या, दारे पाठीने रेटायची. अशा एका सात फुटी लॉकमधून एकदा वर-खाली व्हायचे तर सुमारे २५,००० गॅलन पाणी खर्च होते. आपल्या हिशेबाने दहा हजार लिटरचे अकरा टँकर! म्हणून समोरून होडी येत असेल आणि लॉकमधले पाणी तिच्या बाजूने तयार असेल, तर आधी ती. आपण घाईत असलो तरी थांबायचे. आणि बाहेर पडल्यावर दारे लावायची, झडपा खाली सोडायच्या.

आणि मुख्य नियम चौदा दिवसांचा. ज्यांनी भाडे भरून कायमची जागा घेतलेली नाही त्यांनी १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त राहायचे नाही. होडी हलवत राहायची. किती लांब हलवायची, हे त्या कायद्यात मैलांत लिहिलेले नाही. २०१२ सालापासून एक धर्मादाय ट्रस्ट सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग सांभाळतो, तो होड्यांचे क्रमांक टिपून ठेवतो. नोकरी एका गावात आणि घर दर पंधरवड्याला निराळ्या. ताईची 'पत्ता नाही' ही तक्रार खरीच होती. मी ती भाच्यापुढे मांडली. तो म्हणाला, "आईला सांग, पत्ता नाही पण सवय होते." हे काही समर्पक उत्तर नव्हे. मी माझा मुद्दा राखून ठेवला.

पाण्यावरचे हे संसार काही आजचे नाहीत. एकोणिसाव्या शतकात आगगाडीने मालवाहतुकीचे दर पाडले, तेव्हा खोलीचे भाडे वाचवायला नावाड्यांनी बायकामुले होडीवर आणली. सगळी होडी कोळशाने भरलेली, आणि मागच्या टोकाला दहा फूट लांबीच्या खोलीत सगळे कुटुंब. काठावरचे लोक त्यांना घाणेरडे, अडाणी म्हणत. जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थाने चळवळ केली म्हणून १८७७ आणि १८८४ साली कायदे झाले. किती माणसांनी राहावे, मुलांनी शाळेत जावे, हे ठरले. पण दर आठवड्याला दुसऱ्या गावी असणारे मूल शाळेत जाणार कसे? त्या बायकांनी मात्र त्या दहा फुटांत पितळेची भांडी आरशासारखी घासून ठेवली, दारांवर गुलाब नि किल्ले रंगवलेले असत. काठ आपला नाही हे त्यांना ठाऊक होते. जे काही होते ते पुढच्या आणि मागच्या होडीतल्या माणसाच्या भरवशावर. आजचे बरेचसे रीतिरिवाज त्या भरवशातून आलेले असावेत, असे मला वाटते.

हे वाटणे पुस्तकी होते. त्याची परीक्षा चौथ्या दिवशी झाली.

तोवर मला लोखंडी दांड्याचा लळा लागला होता. त्या संध्याकाळी शेवटच्या लॉकमधून आम्ही वर चढलो. होडी बाहेर पडली, मी मोठ्या ऐटीत दार लावले, एक झडप खाली सोडली, आणि दुसरीकडे वळणार तोच कुत्रे घेऊन चाललेल्या एका गृहस्थाने विचारले, "तुम्ही दोघे कोणती भाषा बोलत होता?"

वाचकहो, मराठीच्या प्राध्यापकाला हा प्रश्न ऑक्सफर्डच्या कालव्यावर विचारू नये. मी १२९० सालच्या ज्ञानेश्वरीपासून सुरुवात केली. तो सभ्य गृहस्थ सतराव्या शतकापर्यंत थांबला. मग कुत्र्याने त्याला ओढून नेले, आणि मी तृप्त मनाने होडीकडे आलो.

पहाटे पाचला मी जागा झालो तो भिंतीला चिकटलेला. तांब्या फळीवरून घरंगळून खाली आला होता. बाहेर येऊन पाहतो तो कालव्यात पाणी नाही! मधोमध एक ओहोळ, दोन्ही बाजूंना काळा चिखल, आणि आमची व मागच्या दोन अशा तीन होड्या चिखलात कलून पडलेल्या. दुसरी झडप रात्रभर उघडी होती. लॉकच्या खालच्या जुन्या लाकडी दारांतून पाणी झिरपतच असते. आमचा सबंध टप्पा रात्रीतून खाली वाहून गेला होता.

भाच्याने लॉककडे पाहिले, मग माझ्याकडे. बोलला काहीच नाही. माझ्या पोटात गोळा आला. एवढ्यात मागच्या होडीतल्या वृद्ध बाई गाऊनवर रबरी बूट घालून आल्या. ज्यांचा कप मी फोडला होता त्याच. चिखलाकडे बघून म्हणाल्या, "टवाळ पोरं असतील. रात्रीची येऊन झडपा उघडतात."

तसे खरोखरच घडते, हे मी ऐकले होते. नुसते गप्प राहिले असते तरी भागले असते. खोटे बोलण्याचीही गरज नव्हती. दोन दिवसांत आम्ही पुढे जाणार, त्याही जाणार. पुन्हा कोण कुणाला भेटतो?

"पोरं नाहीत," मी म्हणालो, "मी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. म्हणाल्या, "माझ्या हातून एकदा असंच झालं होतं. चार होड्या बसल्या. तेव्हापासून लॉक सोडताना मी मागे वळून बघते. तुम्हीही आता बघाल." आणि त्या चहा ठेवायला गेल्या.

तिसऱ्या होडीतला तरुण मात्र इतका समजूतदार नव्हता, आणि त्याने का असावे? त्याचे चौदा दिवस त्याच दिवशी संपत होते, फळीवरच्या बशा फुटल्या होत्या. त्याने जे सुनावले ते मी खाली मान घालून ऐकले. मग मी पाकीट काढले. तो एकदम शांत झाला. म्हणाला, "पैसे नकोत. मी होडीवर एकटा आहे. पाणी आल्यावर वरच्या दोन लॉकांवर मला हात द्या."

भाच्याने ट्रस्टला फोन केला होता. त्यांच्या माणसाने येऊन वरून बेताबेताने पाणी सोडले. दुपारी होड्या एकेक करून सरळ झाल्या, आणि मी दोन लॉकांवर दारे रेटली, झडपा फिरवल्या. दर वेळी मागे वळून पाहिले. दुसऱ्या लॉकवरून तो हात हलवून गेला. त्याचे नाव मी विचारले नाही, त्यानेही माझे विचारले नाही.

परत आल्यावर ताईने विचारले, "उतरवलंस का त्यांना?"

"नाही गं. त्यांनी मलाच चढवलं." आणि मी तिला झडपेची सगळी गोष्ट सांगितली. म्हणालो, "ताई, मी या इमारतीत अठरा वर्षं राहतोय. जिन्यात नियमांची पाटी आहे, खाली दंडाचे आकडे आहेत. वरच्या मजल्यावरच्या नळानं माझी भिंत ओली होते, तर आम्ही एकमेकांना पत्रं पाठवतो. त्या मुलांना पत्ता नाही हे खरं. पण शेजार आहे. दर चौदा दिवसांनी नवा, आणि पहिल्या दिवसापासून त्याचं देणं लागतं."

"व्याख्यान पुरे," ताई म्हणाली. पण फोन तिने लगेच ठेवला नाही.

त्याच वर्षी नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री मात्र पेच आला. ताईचे म्हणणे, अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी झालेच पाहिजे. भाच्याचे म्हणणे, ऊन पाण्यासाठी इंजिन लावावे लागेल, आणि सकाळी आठच्या आत ते लावता येणार नाही.

"एक दिवस लावलं तर काय होतं?"

"आई, मागच्या होडीत आजी झोपल्यात."

ताई क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "शेगडी पेटलेली असते ना रात्रभर? तिच्यावर मोठं पातेलं ठेव. आम्ही बंबावर नाही का आंघोळी केल्या?"

पहाटे व्हिडिओ कॉलवर आम्ही पाहिले : होडीच्या टोकाला आकाशकंदील, पाण्यात त्याचे प्रतिबिंब, आणि उटणे लावलेला भाचा. उजाडल्यावर भाचेसून फराळाची बशी घेऊन मागच्या होडीपाशी गेली आणि काठावर उभी राहून बाजूवर टकटक करू लागली.

"अगं, आत का जात नाही ती?" ताईने मला विचारले.

मी कारण सांगितले. ताईने ते ऐकून घेतले.

यंदा महिनाभर आधीच ताईचा फोन आला. मी खुर्चीत टेकून बसलो.

"फराळाचा डबा पाठवतेय. पत्ता कुठला लिहू?"

"त्याच्या ऑफिसचा."

"बरं. आणि चकल्या दुप्पट घातल्यात. दर चौदा दिवसांनी शेजारी बदलतात ना त्यांचे!"