लाकडाचा विटाळ

फराळाचे ताट पुढ्यात घेऊन वाचायच्या अंकात भांडण उकरून काढू नये, हे मला समजते. पण हे भांडण मी उकरलेले नाही. गेल्या भाऊबीजेला माझ्याच घरी, माझ्याच आप्तांनी ते सुरू केले आणि अर्ध्या करंज्या ताटात टाकून ते उठून गेले. त्याला उत्तर द्यायला मला वर्ष लागले, इतकेच.

माझा गुन्हा असा. जुन्या नाशकातल्या आमच्या पाडलेल्या वाड्याची एक सागवानी तुळई मी मागून घेतली आणि तिच्यातून स्वतःच्या हाताने बारा बाटल्यांची एक मांडणी केली. बाटल्या वाइनच्या.

"अरे, आजोबांच्या माजघरावरची तुळई ती! आणि तिच्यात बाटल्या?" अण्णाकाकांनी कपाळावर हात मारला. काकू म्हणाली, "मास्तर ना रे तू? पोरांनी काय शिकायचं तुझ्याकडून?" चुलतभावाने तर शास्त्रच काढले. पडक्या घराचे लाकूड नव्या घरात आणले की घर बसते म्हणे!

ठीक आहे. आता माझे ऐका.

२०२३ च्या उन्हाळ्यात वाडा उतरवला. खांब, लगी, कडीपाट, चौकटी, सगळा साग घनफुटाच्या भावाने व्यापाऱ्याला गेला. व्यवहार कोणी केला? याच मंडळींनी. पैशाच्या वाटण्या झाल्या तेव्हा आजोबांचे माजघर कोणाला आठवले नाही, आणि नोटांना विटाळ लागल्याचेही मी ऐकले नाही. आमचा दिंडी-दरवाजा पुढे मला हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात भेटला. आडवा निजवून त्यावर काच घातली होती आणि टेबल म्हणून तो मिरवत होता. पितळी फुल्यांवरून मी ओळखला. त्या टेबलाशी मला याच आप्तांनी नेले होते, आणि तिथे कोणी काय काय मागवले ते मी सांगत नाही. दिवाळी आहे.

म्हणजे परक्याने आमच्या लाकडाची शोभा केली तर ती कला, आणि घरच्याने त्याची उपयोगाची वस्तू केली तर तो बाट!

खरे दुखणे बाटल्यांचे नव्हेच. मास्तर अंगणात बनियनवर बसून रंधा मारतो, याचे ते दुखणे आहे. लाकडाला हात सुताराने लावावा, आपण फक्त कॅटलॉगातले चित्र दाखवावे, ही आपली पांढरपेशी रीत. त्या चित्रातले कपाट बहुधा भुशाचे असते. लाकडाचा चुरा सरसात दाबून वर गुळगुळीत कागद डकवलेला. एका पावसाळ्यात खालची कड भाकरीसारखी फुगते. तरी ते नवे, म्हणून शुभ!

आमच्या तुळईला वाळवीने तोंड लावले नव्हते. पिकल्या सागाच्या अंगचे तेलच वाळवीला दूर ठेवते. वर हिरव्या ऑइलपेंटचे थर होते. असल्या जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून मी ते कोरडे घासले नाहीत. ओले करून, नाकाला फडके बांधून खरवडले आणि मुलांना तिकडे फिरकू दिले नाही. मग खिळे. वखारवाला तुळई यंत्रावर घेईना. "मास्तर, एक खिळा राहिला तर माझी करवत जाईल," म्हणाला. त्याचे खोटे नव्हते. शाळेच्या प्रयोगशाळेतला लोहचुंबक दोऱ्याला बांधून मी तुळईवरून इंच इंच फिरवला. चुंबक जिथे ओढ घेई तिथे खडूची खूण करायची आणि अंबुराने उपटायचे. लोहाराने ठोकलेले चौकोनी खिळे, एकूण एक्केचाळीस. बेचाळिसावा माझ्या रंध्याच्या पात्याला सापडला.

पहिला रंधा फिरला आणि काळ्या मेणचट कातडीखालून मधाच्या रंगाचे लाकूड वर आले. कातड्याचा आणि तेलाचा मिळून असा तो वास अंगणभर झाला. आई ओसरीवर येऊन उभी राहिली. काही बोलली नाही.

मांडणीची युक्ती सोपी आहे. फळीच्या मधोमध एका ओळीत गोल भोके पाडायची आणि मग भोकांच्या मध्यावरून फळी लांबीत चिरायची. एका फळीच्या दोन होतात, आणि दोहोंच्या कडेला अर्धचंद्रांची रांग मिळते. मागच्या फळीवर बाटलीच्या पोटासाठी सव्वातीन इंचांचे चंद्र, पुढच्या फळीवर मानेसाठी दीड इंचाचे. भरल्या बारा बाटल्यांचे वजन पंधरा किलोंच्या घरात जाते, म्हणून उभे पाय मी कुसू बसवून जोडले. शेवटी जवसाचे तेल. पॉलिश नाही.

बाटली आडवी ठेवायची ती आतले बूच ओले राहावे म्हणून; बूच वाळले की हवा शिरते. पण दिंडोरीहून माझा मेव्हणा पाठवतो त्या बहुतेक बाटल्यांना फिरकीची झाकणे असतात. त्यांना निजवले काय नि उभे केले काय, सारखेच. हा टोला माझ्या विरोधकांना सुचला नाही, म्हणून मीच मारून घेतो.

मेव्हण्याच्या मळ्यात वाइनची द्राक्षे आहेत. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचे धोरण काढले, त्यानंतर त्या बाजूला असे मळे वाढत गेले. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ही दारू की फळांचा रस यावर राज्यभर रण माजले. मी सोंग करणार नाही. ती दारूच आहे. शेकडा बारा-तेरा मद्यार्क तिच्यात असतो. मी वर्षातून चार-सहा वेळा एक पेला घेतो आणि मुलांनी विचारले तर तेच सांगतो. शिकवायचेच तर काकू, लपवून पिणे आणि उघड उपदेश करणे हे मी का शिकवावे?

शाळेत आमच्याकडे कार्यानुभव नावाचा तास आहे. वेळापत्रकात तो असतो. वर्गात त्या वेळी गणित चालते. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातच्या उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, आणि आमच्या आठवीतल्या मुलाला हातोडी कुठे धरावी ते ठाऊक नाही. त्यातली चार पोरे रविवारी माझ्या अंगणात येत. करवत धरायला शिकली. मांडणी कशाची, हे त्यांच्या पालकांना मी आधीच सांगितले होते. दोघांनी आपली मुले पाठवणे थांबवले. तो त्यांचा हक्क.

राहिले घर बसण्याचे शास्त्र. चुलतभावा, ती तुळई तू कधी खालून नीट पाहिली होतीस? तिच्या एका अंगाला चार चौकोनी भोके होती. कुसू बसवायला पाडलेली, पटाशीने साफ केलेली, पण आमच्या वाड्यात त्यांत काहीच बसत नव्हते. ना लग, ना खांब. नुसती रिकामी, वर रंग फासलेली. ज्याने ती पाडली त्याने ती आमच्या वाड्यासाठी पाडली नव्हती. ती तुळई आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या कुठल्या घराचे छप्पर पेलत होती. आपल्या खापरपणजोबांनी पडक्या घराचे लाकूड आणून त्याखाली चार पिढ्यांची बाळंतपणे केली. तू त्याच तुळईखाली जन्मलास.

त्यातले एक भोक मी मांडणीच्या उजव्या पायात तसेच ठेवले आहे. बारा जागांपैकी सहांत मेव्हण्याच्या बाटल्या आहेत. उरलेल्या आईने बळकावल्या. कोकमाचे सरबत, गुलाबपाणी आणि काकवी. काकवीचे बूच गळले आणि आठवडाभर मुंग्यांची रांग लागली होती, तेवढा दोष मान्य.

यंदा भाऊबीजेला सर्वांनी यावे. बाटल्या खुपत असतील तर मी त्या उचलून ठेवीन. मांडणी मात्र जागची हलणार नाही, आणि करंज्या संपवूनच उठायचे.