चेहऱ्यांची वही आणि न्यायाधिकरण

2015 साली सुरतेच्या पोलिसांनी माणसांचे चेहरे ओळखणारी यंत्रणा बसविली. खानदेशातून पोटासाठी येऊन लिंबायत-उधन्यात राहिलेल्या आमच्या बांधवांस कोणी विचारले होते? त्याच वर्षी लंडनच्या न्यायाधिकरणाने तेथील सरकारी हेरखात्याचा अमेरिकेशी चाललेला माहितीचा व्यवहार बेकायदा होता, असा निवाडा दिला.

आमच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला खरा. परंतु 2023 च्या कायद्याने योजिलेले मंडळ नेमणार सरकार. आणि राज्याची सुरक्षितता वा सार्वजनिक सुव्यवस्था ही सबब सांगून हव्या त्या सरकारी यंत्रणेस कायद्यातून वगळणारही सरकारच! कंपनी चुकली तर दंड 250 कोटींपर्यंत. तो जातो सरकारी तिजोरीत; ज्याची माहिती फुटली त्यास छदामही नाही. मंडळाच्या निर्णयावर दूरसंचार न्यायाधिकरणाकडे अपील आहे म्हणतात. पण जे खाते मुळातच वगळले, त्याच्याविरुद्ध अपील कशावर करावयाचे? यंत्रमागावरील मजुराने रोज बुडवून अहमदाबादेस उच्च न्यायालयाची पायरी चढावी, हेच संसदेस अभिप्रेत आहे काय?

ते वगळण्याचे कलम आधी रद्द करा, मंडळावरील नेमणुका सरन्यायाधीशांच्या संमतीने करा. दंडाच्या आकड्यांविषयी आम्ही मग बोलू.