सूत परक्याचे, मजुरी आपली

भिवंडीचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक यंत्रमागांच्या खडखडाटाचे आणि दुसरे मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसपास पसरलेल्या गोदामांचे. मानकोली, राहनाळ, पूर्णा, वळ, दापोडे, काल्हेर या गावांच्या शिवारात जेथे पूर्वी भाताची खाचरे होती, तेथे आज पत्र्याची प्रचंड गोदामे उभी आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरीही मुंबईला लागून असलेली ही जागा व्यापाऱ्यांच्या सोयीची ठरली. २०१७ साली जकात गेली, पण गोदामे राहिली आणि वाढतच गेली. आज घरबसल्या मागविलेला लॅपटॉप, छपाईयंत्र वा मोबाइल मुंबई-ठाण्याच्या घराघरांत पोहोचतो, तो बहुधा याच गोदामांतून. संगणकाच्या खोक्यांनी भरलेले ट्रक रोज ज्या रस्त्याने जातात, त्याच रस्त्याच्या कडेने महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी मात्र हातातल्या मोबाइलच्या वीतभर पडद्यावर परीक्षेचा अर्ज भरत असतो. संगणक आपल्या दारावरून जातो, पण आपल्या हाती काय लागते, असा प्रश्न या विसंगतीतून उभा राहतो.

तालुक्याच्या ठिकाणच्या कोणत्याही सर्वसाधारण महाविद्यालयाचा संगणक कक्ष डोळ्यांपुढे आणावा. कुलूप असते, किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई कार्यालयात असतो. आतील यंत्रे सात-आठ वर्षांपूर्वी एखाद्या अनुदानातून आलेली. इंटरनेटची जोडणी कार्यालयाला मिळते, विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचता पोहोचता तिची धार आटते. त्यातही जुन्या यंत्रांवर संकेतस्थळे नीट उघडत नाहीत. विद्यार्थी यंत्राला दोष देतात आणि शिक्षक नशिबाला. वस्तुतः दोष दोघांचाही नाही. गूगलच्या क्रोम या ब्राउझरने २०२३ च्या प्रारंभी विंडोज ७ आणि ८.१ या जुन्या प्रणालींना नव्या आवृत्त्या देणे थांबविले. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार काढून घेतला. विंडोज ११ ला सुरक्षेसाठी विशिष्ट प्रकारची चकती आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतील, धडधाकट यंत्रेही एका तारखेपासून कालबाह्य ठरली. तारीख दूर अमेरिकेत ठरली, आणि खड्डा पडला तो येथील संस्थेच्या तुटपुंज्या अंदाजपत्रकात.

भिवंडीने घ्यावयाचा धडा

परावलंबनाची ही रीत भिवंडीला नवी नाही. हातमागावर वाढलेल्या या गावात यंत्रमाग आले आणि मुंबईच्या गिरण्यांतून मोडीत निघालेले जुने मागही येथेच विसावले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्यांची धुरांडी थंडावली, तेव्हा कापडाची मागणी भिवंडीकडे वळली. एका गावाला वस्त्रोद्योगाची राजधानी होण्याची याहून मोठी संधी क्वचितच मिळते. पण झाले काय? सूत व्यापाऱ्याचे, विणलेले कापडही व्यापाऱ्याचे आणि मागवाल्याच्या पदरात केवळ विणकामाची मजुरी, हीच रीत बहुतांशी रूढ राहिली. येथून निघते ते कोरे कापड. त्यावर रंग चढतो परगावी, छाप उमटते परगावी आणि नाव लागते ते तिसऱ्याचेच. लाखो मीटर कापड विणणाऱ्या गावाचे स्वतःच्या नावाचे कापड मात्र बाजारात शोधावे लागते. यात मागावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराचा दोष नाही. कष्ट कमी पडले नाहीत. ज्ञान, भांडवल आणि संघटन यांची जोड त्या कष्टांना मिळाली नाही, एवढेच.

संगणकाच्या क्षेत्रात आज संपूर्ण देशापुढे नेमका हाच धोका उभा आहे. आपले अभियंते जगभरच्या कंपन्यांसाठी प्रणाली लिहितात, हे खरे आणि अभिमानास्पदही. पण ज्या यंत्रावर त्या लिहिल्या जातात त्याचा प्रोसेसर परका, त्यावरील कार्यप्रणाली परकी आणि जगाकडे पाहण्याची खिडकी म्हणजे ब्राउझर, तोही परका. सूत परक्याचे, माग परक्याचा आणि मजुरी आपली! भिवंडीचे कोरे कापड आणि आपली संगणकीय सेवा यांत तत्त्वतः फार अंतर नाही.

खिडकी कोणाची?

ब्राउझर ही वरवर क्षुल्लक, फुकट मिळणारी वस्तू वाटते. परंतु बँकेचा व्यवहार, आयकराचे विवरणपत्र, मुलीचा प्रवेशअर्ज, आजोबांचा वैद्यकीय अहवाल हे सारे तिच्यातूनच ये-जा करते. कोणते संकेतस्थळ विश्वसनीय मानावे, कोणत्या पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दाखवावे, याचा निर्णयही ब्राउझर बनविणाराच करतो. जगात आज असंख्य नावांचे ब्राउझर आहेत, पण त्यांच्या पोटातील प्रमुख इंजिने अवघी तीन : गूगलचे ब्लिंक, अ‍ॅपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. एकेकाळी सर्वशक्तिमान वाटणारे मायक्रोसॉफ्टचे इंटरनेट एक्स्प्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाले आणि त्याच कंपनीचा एज हा नवा ब्राउझर २०२० पासून गूगलच्याच इंजिनावर चालतो. एवढ्या बलाढ्य कंपनीवर ही वेळ येत असेल तर इतरांची काय कथा?

मराठी वाचकाला या परावलंबनाची झळ पूर्वीही लागली आहे. या शतकाच्या आरंभी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे वाचायची तर प्रत्येकाचा निराळा फाँट उतरवून घ्यावा लागे, आणि पुष्कळदा ती एकाच ब्राउझरमध्ये नीट दिसत. दुसऱ्या ब्राउझरमध्ये ज्ञानेश्वरांच्या भाषेच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे उमटत. युनिकोडचा प्रसार झाला तेव्हा ही विटंबना थांबली. फायरफॉक्ससारखा ब्राउझर मराठीत आला तो मुख्यतः स्वयंसेवी भाषांतरकारांच्या परिश्रमांमुळे. भाषेची सोय आपणहून कोणी करून देत नाही, ती करून घ्यावी लागते, असा हा अनुभव आहे.

केंद्र शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये तिचा निकाल लागला. तमिळनाडूच्या झोहो या कंपनीच्या 'उला' ब्राउझरला एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. ही घटना स्वागतार्ह आहे. मात्र स्वदेशीच्या अभिमान्यांनी आत्मवंचना करू नये. 'उला'चे इंजिन गूगलच्या पुढाकाराने वाढलेल्या क्रोमियम या मुक्त प्रकल्पातून घेतलेले आहे. पाया परका आणि वरचे मजले आपले, असे हे घर आहे. आरंभ म्हणून ते चालेल. पण तेवढ्यावर संतुष्ट राहणे म्हणजे पुन्हा कोऱ्या कापडावर समाधान मानणे होय.

आणखी एक कटू गोष्टही येथे सांगितली पाहिजे. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या व्यवस्थेतून गूगलच्या पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे उघडकीस आले. प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेतच शिरकाव झाला होता. परिणामी परदेशी ब्राउझरांनी भारतीय प्रमाणपत्रांवरील विश्वास काढून घेतला वा मर्यादित केला. संताप येणे स्वाभाविक आहे, पण विचार करता त्यात आपल्यालाच बोध आहे. स्वदेशी म्हणजे ढिलाईला मिळालेली सवलत नव्हे. जी वस्तू आपली आहे तिची परीक्षा परक्या वस्तूपेक्षा अधिक कठोरपणे झाली पाहिजे.

होळी आणि कारखाना

७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात तरुण सावरकरांच्या पुढाकाराने विदेशी कपड्यांची होळी झाली. त्या ज्वाळांचे स्मरण आपण आवर्जून करतो. तितकेच स्मरण अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडाचेही व्हावयास हवे. माणशी एक पैसा, अशा कणाकणाने जमविलेल्या निधीतून लोकमान्य टिळकांच्या आशीर्वादाने १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. काचकामाचे शिक्षण परदेशात घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे लाभले आणि तरुणांना तेथे काच घडविण्याची विद्या शिकविली जाऊ लागली. परदेशी कंदिलाची काच फोडणे सोपे असते. आपली काच ओतायला भट्टी, पैसा आणि शिकलेले हात लागतात. १९०५ च्या आवेशाला १९०८ च्या भट्टीने अर्थ दिला. दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने १९९१ मध्ये स्वदेशी जागरण मंच स्थापन झाला. त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. अमेरिकेने महासंगणक देण्यात अडथळे आणले म्हणून आपण केवळ निषेधाचे ठराव केले नाहीत, तर महासंगणक घडविला. स्वदेशीची खरी परंपरा ही आहे.

कोणी म्हणेल, ज्ञानाला सीमा नसते, मग ब्राउझर देशी असो वा विदेशी, काय बिघडते? यातील पहिले विधान खरे आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. ज्ञान जगाचे असले तरी त्याची दारे-खिडक्या कोणाच्या तरी मालकीच्या असतात. त्यावर चीनप्रमाणे भिंत बांधणे हा उपाय नव्हे. भारताच्या मुक्त प्रकृतीला तो मानवणारही नाही. विहिरीवर सर्वांना पाणी असावे, पण पोहरा आणि दोर आपलाही असावा, एवढेच म्हणणे आहे.

संगणक कक्षाचे कुलूप

हा पोहरा कोठे घडेल? येथे ब्राउझरचा इतिहासच उत्तर देतो. ज्याने सर्वसामान्यांना इंटरनेटची गोडी लावली, तो मोझॅक ब्राउझर १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या परिसरात जन्मला. त्याच्या निर्मात्यांपैकी मार्क अँड्रीसन त्या वेळी तेथे विद्यार्थी होता. लिनक्सचा आरंभ १९९१ मध्ये हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने केला. केडीई हा मुक्त प्रकल्प १९९६ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेनच्या एका विद्यार्थ्याने सुरू केला. त्या प्रकल्पातील मूठभर स्वयंसेवकांनी लिहिलेल्या केएचटीएमएल या इंजिनावरून अ‍ॅपलने आपले वेबकिट घडविले आणि २०१३ मध्ये गूगलने त्यातूनच ब्लिंक वेगळे काढले. आज जगातील बहुसंख्य लोक ज्या खिडकीतून पाहतात, तिचा मूळ वंश अब्जाधीशांच्या तिजोरीतून नव्हे, तर विद्यापीठीय वातावरणातील तरुण स्वयंसेवकांच्या निरपेक्ष श्रमांतून निघालेला आहे. स्वयंसेवक हा शब्द ज्यांच्या जिव्हाळ्याचा आहे, त्यांनी तर ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

त्या विद्यार्थ्यांपाशी असामान्य बुद्धी होती, हे खरे. पण त्याहून महत्त्वाचे, त्यांच्यापाशी उघडा संगणक कक्ष होता, चोवीस तासांची जोडणी होती आणि यंत्राशी खेळण्याची, ते बिघडविण्याचीही मुभा होती. आपल्याकडे जोडणीच्या योजना झाल्या नाहीत असे नाही. मार्च २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी मिळाली, २०१७ मध्ये 'स्वयम्' या मंचावर नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने खुली झाली. तार दारापर्यंत आली. परंतु दाराला कुलूप असेल तर तारेचा काय उपयोग? ज्या कक्षातून प्रणाली घडावयाच्या, तेथे केवळ अर्ज भरले जातात आणि तेही सायंकाळी पाचच्या आत.

भिवंडीत तर या उघड्या कक्षाची गरज दुप्पट आहे. यंत्रमाग कामगाराच्या एका खोलीच्या घरात चार भावंडांत एक मोबाइल असतो. त्यावर चित्रफीत पाहता येते, पण प्रणाली लिहिता येत नाही. मोबाइलने वापरणारे निर्माण होतात. घडविणारे निर्माण होण्यासाठी कळफलक, मोठा पडदा आणि निवांत दोन तास लागतात. पद्मशाली विणकराच्या मुलीला, आगरी शेतकऱ्याच्या मुलाला, उत्तर भारतातून आलेल्या मागकामगाराच्या लेकराला ते दोन तास आपापल्या घरी मिळणार नाहीत. ते समाजानेच द्यावे लागतील.

हे काम अवघड नाही. विंडोजच्या नव्या आवृत्तीला अपात्र ठरलेली यंत्रे भंगारात घालण्याची आवश्यकता नाही. सी-डॅकने विकसित केलेली, लिनक्सवर आधारलेली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली किंवा अन्य मुक्त प्रणाली त्यांच्यापैकी पुष्कळांना पुन्हा कामाला लावू शकते. जेथे आपल्या अभ्यासिका चालतात, तेथे पुस्तकांच्या कपाटाशेजारी अशी पाच यंत्रे आणि एक चांगली जोडणी ठेवता येईल. माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात नोकरी करणारे हजारो मध्यमवर्गीय ठाणे-कल्याणपासून पुण्यापर्यंत आहेत. त्यांनी आठवड्यातील एक सायंकाळ अशा केंद्राला द्यावी. महाविद्यालयांच्या चालकांनी संगणक कक्ष रात्री आठपर्यंत उघडा ठेवावा, आणि यंत्र बिघडले तर विद्यार्थ्याला दंड करण्याऐवजी ते दुरुस्त कसे करावे हे शिकवावे. पालकांनीही मुलाने किती टक्के मिळविले याबरोबर त्याने काय घडविले, हे विचारण्यास आरंभ करावा.

शासनाने पारितोषिके द्यावीत, योजनांना निधी द्यावा, ते त्याचे कर्तव्यच आहे. परंतु तळेगावची भट्टी शासनाने पेटविली नव्हती. ती माणशी एका पैशाने पेटली होती. आजचा पैसाफंड रुपयांचा असण्यापेक्षा वेळेचा आणि विद्येचा असावा. १९८२ नंतर भिवंडीच्या दारी आलेली संधी मजुरीवरच थांबली. तीच चूक देशाने संगणकाच्या बाबतीत करू नये असे वाटत असेल, तर प्रारंभ जवळच्या महाविद्यालयातील संगणक कक्षापासून करावयास हवा. त्याचे कुलूप उघडण्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.