प्रेम नाही म्हणून शिक्षा?

करमाळा तालुक्यात उजनीच्या पाण्याकाठी एका गावात आमचा बचत गट आहे. हिशेब संपला की मी एखादी गोष्ट सांगते. गेल्या बैठकीत चार्ल्स डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या १८५९च्या कादंबरीतला खटला सांगितला. १७८० सालचे लंडन. चार्ल्स डार्नेवर राजद्रोहाचा आरोप. सिद्ध झाला तर मरण. साक्षीला विकले गेलेले हेर आणि सरकारपक्षाने बोलावलेली तरुण ल्यूसी. बोटीवर त्याने तिच्या आजारी वडिलांसाठी धावपळ केलेली असते. पण वॉशिंग्टनचे नाव इतिहासात इंग्लंडच्या राजाइतके मोठे होईल, असे तो थट्टेत बोललेला असतो, तेही तिला शपथेवर सांगावे लागते. ती रडत खरे सांगते आणि तेच त्याच्यावर उलटते. पुढे तो सुटतो, ती गोष्ट वेगळी.

एक मावशी म्हणाल्या, “थट्टेतलं कशाला धरायचं? आमच्यातबी हसलं तरी उलट बोलली म्हणत्यात.”

मावशींनी नेमके बोट ठेवले. १८९७ साली लोकमान्य टिळकांच्या पहिल्या राजद्रोह खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले, की सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रेमाचा अभाव. टिळकांना १८ महिने सक्तमजुरी झाली. १९०८ साली ‘केसरी’तल्या लेखांसाठी सहा वर्षे. ते मंडालेत असतानाच, १९१२ साली, सत्यभामाबाई इकडे वारल्या. त्यांची साक्ष कुणी घेतली नाही.

प्रेम नाही म्हणून शिक्षा! बायांनो, हा कायदा आपण माहेराहून सासरी येतानाच शिकतो.

काही कार्यकर्त्या म्हणतात, टिळकांनी १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध केला, त्यांचे आपण काय म्हणून गायचे? गायचे नाहीच. त्या प्रश्नावर ते चूकच होते. पण ज्याचे पटत नाही त्याचेही तोंड कायद्याने बांधू नये, एवढे म्हणता आले नाही, तर उद्या आपले तोंड बांधताना कोण बोलणार?

१८७० साली आलेल्या १२४-अ कलमाचा वापर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये थांबवला. १ जुलै २०२४ला नवी न्याय संहिता आली, ‘राजद्रोह’ हा शब्द गेला. पण तिच्या १५२व्या कलमात देशाची एकता धोक्यात आणणाऱ्या शब्दांनाही जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. सरकारवरची टीका म्हणजे गुन्हा नव्हे, असे सांगितले जाते. ते कोर्टात ठरेपर्यंत बाईने गावात काय काय ऐकायचे?

इथे भीमा अडवून धरण झाले, ज्यांची शेते आणि घरे बुडाली त्यांच्या लेकीसुना आज काठावर राहतात. पाणी समोर दिसते, हंडा मात्र डोक्यावरच. त्यांनी ग्रामसभेत पाणी मागितले की कुणीतरी म्हणतेच, “विकासाच्या आड येता.” इथून ‘देशाच्या आड येता’पर्यंत किती अंतर आहे?

सरकार म्हणजे देश नव्हे. नवरा म्हणजे संसार नव्हे. प्रश्न विचारणारी फितूर नव्हे. हे प्रत्येक गटात मोठ्याने बोलू या. आणि आपल्यातल्या एकीचे बोलणे तिच्याच विरुद्ध साक्ष म्हणून मागायला कुणी आले, तर सगळ्याजणी मिळून नाही म्हणू या.