‘पिशवी’ या एका शब्दाआड

आपल्या घरांत स्त्रीच्या शरीराविषयी बोलण्याची वेळ आली की एकच शब्द पुढे येतो, ‘पिशवी’. पिशवीला सूज आहे, पिशवीत गाठ आहे, पिशवी काढून टाकली. या एका शब्दाआड गर्भाशय आणि बीजांडकोश असे दोन भिन्न कार्यांचे अवयव झाकले जातात, आणि शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करताना नेमका हाच भेद महत्त्वाचा असतो.

गर्भाशय हे मूत्राशयाच्या मागे असलेले, उलट्या पेरूच्या आकाराचे स्नायुमय इंद्रिय. लांबी सुमारे साडेसात सेंटीमीटर. पूर्ण दिवस भरले की बाळ वगळूनही त्याचे वजन सुमारे एक किलो होते. त्याच्या दोन्ही अंगांना सुमारे दहा सेंटीमीटर लांबीच्या बीजवाहिन्या असून त्यांच्या टोकांशी बदामाएवढे बीजांडकोश असतात. स्त्रीबीज आणि शुक्रबीज यांचे मीलन बहुधा बीजवाहिनीत होते. गर्भ काही दिवसांनी गर्भाशयात उतरून अस्तरात रुजतो. न रुजल्यास ते अस्तर गळते, तीच पाळी. त्यात घाणीचा निचरा वगैरे काही नसतो.

या विषयाचे आपल्या परंपरेला वावडे नव्हते. पर्युषणात कल्पसूत्र श्रवण करणाऱ्यांना भगवान महावीरांच्या गर्भवासाचा काळ आठवत असेल: नऊ महिने आणि साडेसात अहोरात्र. तीस दिवसांच्या मासाने हे 277½ दिवस होतात. ‘तंदुलवैचारिक’ या प्रकीर्णकातही गर्भवासाची हीच संख्या आहे. आजचे वैद्यक शेवटच्या पाळीपासून 280 दिवस मोजते. जे आचार्यांनी निःसंकोच लिहिले, ते आपण मात्र कुजबुजतो.

बीजांडकोशांची गोष्ट अधिक विलक्षण. मुलीची सारी स्त्रीबीजे ती आईच्या उदरात असतानाच तयार होतात. जन्मवेळी ती दहा-वीस लाख असतात. पक्व होऊन बाहेर पडतात ती आयुष्यभरात चारशे-पाचशे. भांडवल एकदाच मिळते, त्यात भर पडत नाही, हे व्यापारी वाचकांस वेगळे सांगायला नको. हेच कोश इस्ट्रोजेन निर्माण करतात आणि हाडांचे बळ त्यावर बरेच अवलंबून असते.

म्हणून चाळिशीतील भगिनीला ‘पिशवी काढा’ असे सांगितले गेले, तर घरच्यांनी विचारावे: केवळ गर्भाशय काढणार, की बीजांडकोशही? कोश राहिले तर पाळी थांबते, पण संप्रेरके चालू राहतात. तेही काढले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडे लवकर ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. कर्करोगासारख्या कारणांत ते काढणे अनेकदा आवश्यक असते, यात शंका नाही. परंतु साध्या गाठी पुष्कळदा औषधाने आटोक्यात राहतात व पाळी गेल्यावर आक्रसतात. मालाचा नमुना पाहिल्याशिवाय सौदा न करणारी आपली घरे येथे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यास का कचरतात, हे मला उमगलेले नाही.

याउलट एका लक्षणात विलंब नको. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर थेंबभर रक्त दिसले तरी तपासणी हवी. सोनोग्राफीने अस्तराची जाडी पाहतात, आवश्यक वाटल्यास त्याचा अंश तपासायला पाठवतात. बहुतेकदा कारण किरकोळ निघते. कर्करोग असला तरी या टप्प्यावर तो बहुधा बरा होण्याजोगा असतो. सासूबाई हे मुलाला सांगणार नाहीत. सुनेने एकांतात विचारावे.