परीक्षा चालकाची, खर्च कोणाचा?

मालमोटार चालवू इच्छिणाऱ्या तरुणाकडून कायदा बरेच काही मागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार त्याला वीस वर्षे पूर्ण झालेली असली पाहिजेत. हलके वाहन चालविण्याचा परवाना किमान वर्षभर हाती असल्याखेरीज त्यास वाहतूक वाहनाचा शिकाऊ परवानाही मिळत नाही. १९८९ च्या नियमांनी जड वाहनासाठी निदान तीस दिवसांचे प्रशिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष चालविण्याचे पंधरा तास ठरविले आहेत. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ साली रद्द झाली. बाकीच्या अटी मात्र रास्त आहेत, त्या सैल करा असे कोणी म्हणू नये.

प्रश्न निराळा आहे. हे शिक्षण कोणाच्या खर्चाने व्हावयाचे? गाडीवर क्लीनर म्हणून राबणाऱ्या तरुणाने महिनाभराची मजुरी बुडवून शाळेचे शुल्क भरावे, अशी आजची व्यवस्था आहे. ते न जमल्यास तो रात्री, रस्ता मोकळा असताना, उस्तादाच्या मर्जीने चक्र हाती धरतो. मग पंधरा तास कागदावरच भरले गेले तर नवल कसले? भरल्या गाडीने खंबाटकीचा घाट उतरताना गिअर कोणता ठेवावा, ब्रेक तापू लागल्यास काय करावे, हे कागद शिकवीत नाही.

कुशल चालकाचा लाभ मालकाला, व्यापाऱ्याला आणि रस्त्याने चालणाऱ्या प्रत्येकाला होतो. लाभ समाजाचा आणि भार सर्वांत दुबळ्यावर, हे न्यायाचे नाही आणि अर्थशास्त्राचेही नाही. कारखान्यातील शिकाऊ कामगारास विद्यावेतन देण्याचे तत्त्व १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मान्य केले. क्लीनरला ते का नसावे? वाहनकरातील वाटा आणि मालकांवरील अल्प अधिभार यांतून तीस दिवसांचे शुल्क व विद्यावेतन देता येईल.

त्याच १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली. १९८८ च्या कायद्यानेही तीच स्वीकारली. उत्तम शिकलेला चालकदेखील झोपेविना सुरक्षित राहू शकत नाही. म्हणून मालमोटारीच्या परमिटाचे नूतनीकरण करताना मालकाकडूनही कामाच्या तासांचा हिशेब मागितला जावा. परीक्षा घ्यावयाचीच, तर ती दोघांची घेतली पाहिजे.